तोकडे, फाटके आणि सोवळे

देवळात जाताना काय घालावं हा प्रश्न माझ्यासारख्या माणसाला सहसा पडत नाही. जीन्स, वर चेक्सचा शर्ट, पायात सँडल. हाच वेष हापिसात चालतो, सिनेमाला चालतो, लग्नातही चालतो (बायको बरोबर असेल तर चालत नाही, पण तो वेगळा विषय) आणि कुठल्याही देवळात चालतो. गेली वीस वर्षं मी ह्या एकाच डीफॉल्ट सेटिंगवर जगतोय. गेल्या सप्टेंबरात आमच्या टीमची सातारा-सांगली अशी दोन दिवसांची सहल ठरली, तेव्हा ग्रुपवर एका मुलीने विचारलं, "वाटेत कुठली कुठली देवळं आहेत? त्याप्रमाणे कपडे घेते." ग्रुपवर आम्ही नऊ पुरुष होतो. नवांपैकी एकालाही हा प्रश्न सुचला नव्हता. ही नोंद आधी करून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.

मी मूळचा सांगलीचा, त्यामुळे मार्ग आखायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात. पहिल्या दिवशी वाई, मेणवली, कास आणि सज्जनगड. दुसऱ्या दिवशी कराडवरून औदुंबर, सांगलीचा गणपती आणि मिरजेचा दर्गा. यादी पाठवली आणि वर लिहिलं, 'साधे, पूर्ण कपडे घ्या.' त्यावर पुन्हा त्याच मुलीचा प्रश्न, "पूर्ण म्हणजे कुठपर्यंत?" ती टेस्टिंगमध्ये आहे, हे वेगळं सांगायला नकोच. :-)

तेव्हा हसून सोडून दिलेला हा प्रश्न त्या दोन दिवसांत असा काही अंगावर आला, की ह्या वीकांताला दुसरं काही लिहावंसं वाटेना.

सुरुवात करतो आमच्या घरापासून. माझ्या आजीचं सोवळं कडक. देवघराशेजारच्या खोलीत छताच्या जवळ एक दांडी टांगलेली असायची. धुतलेलं लुगडं त्या दांडीवर काठीने वाळत घालायचं आणि काठीनेच काढायचं. मधल्या वेळात कोणी हात लावला तर ते ओवळं झालं, पुन्हा धुवा. रेशमी मुकटा किंवा धाबळी असेल तर नियम जरा सैल, कारण रेशीम आणि लोकर सुती कापडासारखी पटकन विटाळत नाही असा समज. गंमत बघा, मराठीत 'शिवणं' ह्या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत, स्पर्श करणं आणि टाके घालणं. सोवळ्याला दोन्ही अर्थांनी शिवलेलं चालत नाही! पूजेला बसणाऱ्याने पंचा, धोतर, पीतांबर, उपरणं असं बिनशिवलेलं वस्त्र घ्यायचं. सदरा नाही, बंडी नाही.

आणि आम्हा पोरांसाठी एक पळवाट होती. आजी सोवळ्यात असताना तिच्या कुशीत शिरायचं असेल तर अंगावरचे सगळे कपडे काढून जायचं. नागड्या पोराचा विटाळ नाही, कारण विटाळ कपड्यांना असतो, कातडीला नाही. म्हणजे आजच्या देवळाच्या दारावरच्या पाटीच्या बरोब्बर उलट. आज कातडी दिसली की आक्षेप, आजीच्या हिशेबात कापड शिवलं की आक्षेप.

हे केवळ आजीचं खूळ नव्हतं. वेरूळच्या घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात आजही पुरुषांना कमरेवरचे कपडे काढूनच जावं लागतं. दक्षिणेत तर असं जागोजागी आहे. तिथे माझा चेक्सचा शर्ट हाच 'अयोग्य पेहराव' ठरतो.

सोवळ्याबद्दल फार गोड आठवणी सांगून थांबणं मात्र बरोबर होणार नाही. 'शिवू नकोस' हे वाक्य माझ्यासाठी गंमत होती, कारण मी त्या घरातला नातू होतो. ह्याच वाक्याने कित्येकांना शतकानुशतकं देवळाच्याच काय, पाणवठ्याच्याही बाहेर ठेवलं. पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. तेव्हा देवळाच्या दारात 'तुम्ही आत येण्याजोगे नाही' असं कोणी कोणाला म्हटलं, की त्या शब्दांच्या मागे केवढा इतिहास उभा असतो ते विसरून चालत नाही. पाटी लावणाऱ्याने तर मुळीच विसरू नये.

असो. आता सहलीकडे वळू.

वाईचा ढोल्या गणपती. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलेलं देऊळ, कृष्णेच्या घाटावर. रविवारी इथे पाचगणी-महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. दर्शन घेऊन पुढे स्ट्रॉबेरी विथ क्रीम, असा बेत. त्यामुळे अर्धी गर्दी थंड हवेच्या ठिकाणच्या कपड्यांत असते, म्हणजे चड्ड्या, गॉगल, स्लीव्हलेस, टोप्या. घाटावर दूर्वा विकणाऱ्या एका आजींकडून जुड्या घेता घेता मी सहज विचारलं, "आजी, हे असले कपडे बघून तुम्हाला राग नाही येत?"

"राग कशाला येतोय बाळा? लांबनं आल्याली पोरं ती. देव कुठं कापडं बगतोय? पर आत मान्सं बसल्याली असत्यात न्हवं, त्यास्नी कसंतरी हुतंय. एवढं बगावं."

ह्या विषयावर मी नंतर बरंच काही वाचलं, पण ह्यापेक्षा नेमकं वाक्य मला सापडलं नाही. मुद्दा देवाचा नाहीच. आत डोळे मिटून बसलेल्या माणसाचा आहे. कोणी नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी आलेलं असतं, कोणी मुलाच्या निकालासाठी. आपण तिथे सुट्टीच्या मूडमध्ये घुसतो. दुसऱ्याच्या घरी दुखवट्याला जाताना आपण भडक शर्ट घालत नाही ते काही नियम असतो म्हणून नव्हे.

मेणवलीला हा प्रश्न अजून मजेशीर होतो. नाना फडणविसांचा वाडा, मागे घाट, घाटावर देवळं. 'स्वदेस' (२००४) मधला घाट हाच. तिथे येणाऱ्यांपैकी निम्मे लोक शाहरुख खान ज्या पायऱ्यांवर बसला होता त्या पायऱ्या बघायला येतात. देवळाजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली त्यानंतर तिकडून आणलेली पोर्तुगीज चर्चची घंटा. म्हणजे हे पर्यटनस्थळ की तीर्थस्थान? देवळात चर्चची घंटा, घाटावर सिनेमा, नदीवर कपडे धुणाऱ्या बाया आणि त्यांच्या शेजारी प्री-वेडिंगवाल्या नवरीचा पंधरा फूट लांब गाऊन. सगळं एका फ्रेममध्ये. तिथे कोणी कोणाला कपड्यांवरून काही बोलत नव्हतं.

आता मूळ प्रसंग. दोन दिवसांत यादीबाहेरचं एक देऊळ झालं. नाव लिहीत नाही, गावही सांगत नाही. ते यादीत आलं आमच्या टेस्टरबाईंमुळे. तिच्या आईचं माहेर त्या बाजूचं, आणि ती देवी त्यांची कुलस्वामिनी. आईचे गुडघे गेलेत, प्रवास होत नाही. "तू जातेच आहेस तर ओटी भरून ये," म्हणून आईने खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी असं सगळं एका पिशवीत बांधून दिलं होतं. पोरीने ती पिशवी दोन दिवस गाडीत मांडीवर घेऊन सांभाळली. सामानात ठेवू देईना.

कासला पावसाने झोडपलं. तिची सलवार चिखलाने भरली, म्हणून तिने बॅगेतली कोरडी थ्री-फोर्थ चढवली. गुडघ्याच्या चांगली चार बोटं खाली, वर लांब बाह्यांचा कुडता. देवळाच्या ऐंशी-नव्वद पायऱ्या चढून आम्ही दारात पोचलो, आणि दारातल्या स्वयंसेवकाने तिला हात आडवा केला. "मॅडम, तुम्ही नाही. हे कपडे चालत नाहीत."

तिच्या पुढे आमचा एक मित्र होता. बर्म्युडा, गुडघ्याला टेकलेली. देवधर्म न मानणारा, आत चालला होता तो खांबांवरच्या कोरीवकामाचे फोटो काढायला. त्याला कोणी अडवलं नाही. तोच मागे वळून म्हणाला, "अरे, माझी चड्डी तिच्यापेक्षा आखूड आहे." स्वयंसेवक म्हणाला, "जेन्टसचं चालतंय."

मी विचारलं, "नियम कुठे लिहिलाय?"

"बोर्ड करायला टाकलाय."

आमच्यातली दुसरी एक मुलगी कोचीची. पंजाबी ड्रेसमध्ये होती. तिने पटकन स्वतःची ओढणी काढून हिच्या कमरेला लुंगीसारखी गुंडाळली, पार घोट्यापर्यंत. तरी नाही. "आत पँटच हाय न्हवं." आता ह्यावर काय बोलणार? मी तर जीन्समध्येच उभा होतो.

तो पोरगा वाईट नव्हता हो. विशी-बाविशीचा असेल. आदल्याच आठवड्यात कोणीतरी देवळापुढे नाच करून रील टाकलं होतं, त्यावरून ट्रस्टींनी त्याची हजेरी घेतली होती. त्याला एवढंच कळलं होतं की बाईच्या अंगावर काहीतरी आधुनिक दिसलं तर आपली नोकरी जाईल.

टेस्टरबाई भांडली नाही. (हापिसात एका बगसाठी तीन तास भांडते.) पायरीच्या कडेला बसली, पिशवी उघडली, आणि कोचीवालीला समजावू लागली. आधी हळदीकुंकू वाहायचं, मग खणावर नारळ ठेवायचा, शेंडी देवीकडे, ओंजळीने तांदूळ. कोचीवालीला मराठी जेमतेम येतं. तिने मान डोलावली, पिशवी छातीशी धरली आणि एकटी आत गेली. आयुष्यात पहिल्यांदा ओटी भरायला, दुसऱ्याच कोणाच्या तरी कुलदेवीची.

बाहेर आम्ही दोघं. पाच मिनिटांनी फोन वाजला. आई. "हो आई. भरली. हो, छान झालं दर्शन. गर्दी नव्हती." एवढं बोलून तिने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "तिला सांगायचं नाही काही."

मला जे लिहायचंय ते ह्या फोनपाशी आहे. वस्त्रसंहितेच्या बाजूने बोलणारे नेहमी म्हणतात, 'मंदिर हे पर्यटनस्थळ नाही.' मान्य. पण त्या दिवशी दारातून आत गेला तो पर्यटक, आणि बाहेर बसली ती भक्त. दोघांना वेगळं ओळखण्यासाठी कपडे हे माप वापरलं आणि निकाल शंभर टक्के उलटा लागला. ज्या टेस्टमध्ये चूक ते पास आणि बरोबर ते नापास होतं ती टेस्ट आम्ही काढून टाकतो, निदान दुरुस्त तरी करतो.

परत आल्यावर जरा शोधाशोध केली. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात ह्या पाट्या वाढत चालल्यात. डिसेंबर २०२० मध्ये शिर्डीला सभ्य, भारतीय पेहरावात यावं असं आवाहन करणारे फलक लागले आणि त्यावरून वाद पेटला. मे २०२३ मध्ये तुळजापूरला बर्म्युडा, हाफ पँट आणि 'असभ्य' कपड्यांना मनाई करणारे फलक लागले आणि टीका होताच त्याच दिवशी मागे घेतले गेले. त्याच महिन्यात नागपूरच्या काही देवळांनी वस्त्रसंहिता जाहीर केली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या सिद्धिविनायकाने तोकड्या आणि फाटक्या कपड्यांना मनाई केली. त्याच वर्षी कोल्हापूरच्या अंबाबाई आणि जोतिबासाठीही तसंच जाहीर झालं. ही कोल्हापूरची बातमी सांगलीकरांना जवळची, कारण तिथली पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समिती सांगली जिल्ह्यातलीही बरीच देवळं बघते. एकूण सुमारे तीन हजार देवळं तिच्याकडे आहेत.

त्याच अंबाबाईच्या देवळात एप्रिल २०१६ मध्ये तृप्ती देसाई गाभाऱ्यात गेल्या, तेव्हा साडीच हवी असा आग्रह होता, त्या पंजाबी ड्रेसमध्ये होत्या, आणि त्यांना धक्काबुक्की झाली. आज बहुतेक पाट्यांवर पंजाबी ड्रेस 'पारंपरिक' ह्या सदरात बसतो. आमच्या कोचीवालीने तर ह्यावर कडी केली. गुरुवायूरला २००७ पर्यंत बायकांना सलवार-कमीज, चुडीदार चालत नसे, मग परवानगी मिळाली. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी देवळात २०१६ मध्ये तशीच परवानगी दिली गेली आणि महिन्याभरातच केरळ उच्च न्यायालयाने ती फिरवली. एकाच राज्यात दोन देवळं, एकच कपडा, दोन उत्तरं. मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०१५ मध्ये तमिळनाडूतल्या देवळांसाठी वेषाचा आदेश काढला, १ जानेवारी २०१६ पासून लागू. त्यात पुरुषांसाठी धोतराबरोबर साधी पँट-शर्टही चालत होती. म्हणजे माझं डीफॉल्ट सेटिंग तिथेही सुरक्षित! पुढे त्याच वर्षी खंडपीठाने तो आदेश रद्द केला.

सांगायचा मुद्दा, 'पारंपरिक' ही व्याख्या दर दहा-वीस वर्षांनी एक पायरी सरकते. साडीवरून पंजाबी ड्रेसवर आली, उद्या जीन्स-कुडत्यावर येईल. आणि पुरुषाच्या पँट-शर्टला ही पायरी चढावीच लागली नाही. इंग्रजांबरोबर आलेला हा कपडा गुपचूप भारतीय होऊन बसला. त्याला कोणी 'तू संस्कृतीत बसतोस का' असं विचारलं नाही.

'फाटके कपडे' ह्या कलमावरून मला आठवले गाडगे महाराज. सातारा जिल्ह्यात, कराडला, रयत शिक्षण संस्थेचं सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज आहे, १९५४ पासूनचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी आपल्या कॉलेजला ह्या माणसाचं नाव दिलं. आमची गाडी कराडवरूनच गेली. महाराजांचा फोटो आठवा. चिंध्या शिवून केलेला अंगरखा, हातात खराटा आणि डोक्यावर गाडग्याचं खापर. आज ते ह्यातल्या कुठल्याही पाटीपुढे उभे राहिले असते तर दारातल्या पोराने काय केलं असतं? पाटीचा शब्दशः अर्थ लावायचा तर बाहेरच. आता कोणी म्हणेल, अहो, त्या चिंध्या वेगळ्या आणि दोन-तीन हजारांची फाटकी जीन्स वेगळी. अगदी बरोबर! पण मग नियम कपड्याचा नाही, कपड्यामागच्या मनाचा आहे. आणि मन बघण्याचं यंत्र अजून कोणत्याही दारावर बसलेलं नाही.

आमच्या धंद्यात एक साधं तत्त्व आहे. रिक्वायरमेंट तपासता येईल अशी हवी. 'सिस्टीम वेगवान असावी' ही रिक्वायरमेंट नव्हे, 'पान दोन सेकंदांत उघडावं' ही झाली. 'असभ्य', 'अशोभनीय', 'अंगप्रदर्शन करणारे' हे सगळे शब्द पहिल्या प्रकारचे. ते तपासायचे कोणी? दारात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांनी. आणि ते डोळे बाईकडे एका मापाने बघतात, पुरुषाकडे दुसऱ्या. उलट रोमच्या सेंट पीटर्सचा नियम सरळ आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बायकांचेही, पुरुषांचेही. बँकॉकच्या राजवाड्यातल्या देवळाचं साधारण तसंच. आवडो न आवडो, कळतो तरी. निघण्याआधी हॉटेलच्या आरशात तपासता येतो. ऐंशी पायऱ्या चढून गेल्यावर दारात कळणारा नियम म्हणजे दहा पानांचा फॉर्म भरून झाल्यावर शेवटच्या पानावर येणारी लाल अक्षरं.

आता दुसरा दिवस. औदुंबर. पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी, समोरच्या तीरावर चितळ्यांच्या डेअरीचं भिलवडी. नरसिंह सरस्वतींच्या पादुका इथे आहेत. सकाळी गेलो तर घाटावर धुकं, औदुंबराची झाडं ठिबकतायत आणि दत्तनामाचा गजर चाललाय. त्या गजरातला मुख्य शब्द कुठला? दिगंबर. दिशा हेच ज्याचं वस्त्र तो. ह्याच सांगली जिल्ह्यात दिगंबर जैनांची मोठी वस्ती आहे, कुंडलसारखं त्यांचं तीर्थ आहे, आणि वस्त्राचाही त्याग केलेले त्यांचे मुनी रस्त्याने विहार करत जाताना लोक हात जोडून बाजूला होतात. ह्यावरून आपणही कसंही जावं असा अर्थ कोणी काढू नये (ह. घ्या.). त्यांनी कपडा सोडला तो सगळंच सोडताना. पण एवढं तरी दिसतं, की इथल्या धर्मांना उघडं अंग हे जन्मजात पाप वाटत नव्हतं.

सांगलीचा गणपती. पटवर्धन संस्थानिकांचं हे देऊळ मला लहानपणापासून ओळखीचं. हापिसला जाताजाता स्कूटर लावून बाहेरूनच नमस्कार करणारे, क्लासच्या बॅगा पाठीला लावलेल्या मुली, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या काकू. तिथे कपड्यांची चर्चा मी कधी ऐकली नाही. कारण सोपं आहे. रोजच्या माणसाला कुठे काय घालावं हे आपोआप कळतं. घोळ होतो तो आमच्यासारख्या वर्षातून एकदा येणाऱ्यांचा.

शेवटी मिरज. ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा. इथला नियम तिसराच, डोकं झाकायचं. देवळात जाताना टोपी काढणारे आम्ही खिशातले रुमाल काढून डोक्याला बांधू लागलो. कोणाचा रुमाल लहान, कोणाचा मळका. शेवटी बर्म्युडावाल्या मित्राने (आज शहाणा होऊन ट्रॅकपँटमध्ये आला होता) नाक पुसायचा टिश्यू डोक्यावर ठेवला, तेव्हा शेजारच्या एका चाचांनी हसत आपल्या खिशातला धुतलेला रुमाल काढून दिला. "ये बांधा. जाताना द्या परत." ते झालं, विषय संपला. टेस्टरबाईने ओढणी डोक्यावर घेतली. थ्री-फोर्थ नव्हती आज, पण तिच्या कपड्यांकडे कोणी बघत होतं असंही वाटलं नाही.

ह्याच दर्ग्याच्या परिसरात उस्ताद अब्दुल करीम खाँ विसावले आहेत. १९३७ साली ते गेले. दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ इथे संगीत सभा होते आणि देशभरचे कलाकार हजेरी लावतात. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती कारागीर मंडळीही ह्याच गावातली. उरुसाची एक रीत मला मात्र त्या दिवशी नव्याने महत्त्वाची वाटली. उरुसात पहिला मानाचा गलेफ चढतो तो चर्मकार समाजाचा. गलेफ म्हणजे कबरीवर घालायची चादर. एकीकडे कातडी पट्टा आणि पाकीट बाहेर ठेवायला लावणारी आपली देवळं, आणि इथे ज्यांचे हात आयुष्यभर कातड्यात असतात त्यांनी आणलेलं कापड सर्वांत आधी. कपड्यांवरून दोन दिवस चाललेल्या आमच्या चर्चेत कापडाचा असा मान मी पहिल्यांदाच बघत होतो.

आता थोडं कामाचं. सातारा-सांगलीकडे जाणार असाल तर:

एक, दोन्ही खांदे आणि दोन्ही गुडघे झाकतील असा एक जोड बॅगेत वर ठेवा, तळाशी नको. पुरुषांनीसुद्धा! कास आणि सज्जनगडचा पाऊस आधी सांगून येत नाही आणि ओली जीन्स दिवसभर वाळत नाही. पातळ, पूर्ण लांबीची सुती पँट उत्तम.

दोन, एक मोठा पंचा किंवा ओढणी. डोक्याला होते, कमरेला होते, खांद्यावर होते, पावसात अंग पुसायला होते. सोवळ्यालाही पंचाच लागतो आणि दर्ग्यातही तो अडत नाही.

तीन, कातडी पट्टा आणि पाकीट गाडीत. पायात पटकन निघणारं काहीतरी. सज्जनगडच्या पायऱ्या चढून दारात बुटांच्या नाड्या सोडत बसाल तर प्रसादातल्या गव्हाच्या खिरीची पंगत उठलेली असेल.

चार, फोटो काढायचे असतील तर आत बसलेल्या माणसांकडे आधी बघा. वाईच्या आजींचं वाक्य आठवा.

आणि देवस्थानांना, कोणी वाचत असेल तर, एक विनंती. नियम करा, तुमचं घर आहे. पण तो सेंटिमीटरमध्ये सांगता येईल असा करा, बाया-पुरुषांना एकच ठेवा, पायऱ्यांच्या खाली गाडीतळावर लिहा, आणि दाराशी एक टोपली ठेवा. धुतलेले पंचे आणि ओढण्या, जाताना परत. अमृतसरला सुवर्णमंदिराच्या दाराशी डोक्याला बांधायचे रुमाल असेच ठेवलेले असतात. अडवणाऱ्या हातात एक कापड असेल तर तो हात अडवणारा राहत नाही. पन्नास पंच्यांना असा किती खर्च येणार?

आमच्या टीमने वर्गणी काढली आहे. त्या देवळाला पन्नास पंचे पाठवायचे ठरलंय, बरोबर एक साधं पत्र. पत्राचा मसुदा टेस्टरबाई करतेय. आतापर्यंत तिने त्यातले 'कृपया' तीनवरून एकावर आणलेत आणि 'आमच्या सहकारी महिलेला' हे काढून 'मला' केलंय. पुढच्या नवरात्रात ती आईला घेऊन जाणार आहे. गुडघ्यांचं काय ते बघू, म्हणाली. डोली मिळते का, ते मी विचारून ठेवतोय.